एका तारखेचे धनी

ज्या दिवशी एका थोर पुरुषाने जन्म घेतला त्या दिवशी दुसऱ्या थोर पुरुषाने जन्म घेऊ नये, असा निषेध कोणत्याही स्मृतिकाराने सांगितलेला नाही, आणि सांगितला असता तरी तो पाळला गेला नसता. कारण वर्षाचे दिवस अवघे ३६५, आणि पृथ्वीतलावर होऊन गेलेले राजे, सेनापती, सुभेदार आणि मुलूखगिरीवर निघालेले उमेदवार यांची गणती त्याच्या शेकडो पट. साहजिकच एकेका तारखेच्या वाट्याला पाच-पंचवीस सिंहासने आणि शे-दीडशे तलवारी आलेल्या आहेत. वर्तमानपत्रातील ‘दिनविशेष’ या सदरात ही मंडळी रोज सकाळी एकत्र जमतात. हयातीत ज्यांची गाठ पडली असती तर एकाचे तरी शिर धडावर राहिले नसते, असे पुरुष तेथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, आणि एखाद्या चित्रपटतारकेला मध्ये घेऊन, बिनतक्रार उभे असतात.

ज्योतिषावर ज्यांची निष्ठा आहे त्यांनी हे सदर वाचू नये हे बरे. पहिले बाजीराव पेशवे १८ ऑगस्ट १७०० रोजी जन्मले आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ १८ ऑगस्ट १८३० रोजी. एकाने वीस वर्षे पेशवाई केली, तीही बहुतांशी घोड्याच्या पाठीवर, आणि रणांगणातील पराभव म्हणजे काय हे त्याला ऐकूनच ठाऊक होते. दुसऱ्याने ६८ वर्षे राज्य केले, १८५९ साली सोल्फेरिनोला फ्रेंचांकडून व १८६६ साली कोनिगग्रेट्झला प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला, आणि तरीही रोज पहाटे उठून टेबलावरच्या कागदांचा निकाल लावण्याचा परिपाठ मोडला नाही. रवी एकाच राशीला असून फळ इतके उफराटे. उलट मल्हारराव होळकरांचे पाहा. होळच्या या पोराचे बालपण आमच्या खानदेशात, तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्या छत्राखाली गेले. त्यांचा जन्म १६ मार्च १६९३ चा, आणि अमेरिकेचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचा १६ मार्च १७५१ चा. मल्हारराव १७६१ साली पानिपताहून सुखरूप परत आलेल्या मोजक्या सरदारांपैकी एक, आणि मॅडिसनसाहेब १८१४ साली इंग्रजांनी वॉशिंग्टनला आग लावली तेव्हा राजधानीतून वेळेवर बाहेर पडलेले. येथे मात्र पंचांगकर्त्यांना थोडे गुण द्यावे लागतील.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि इंदिरा गांधी या दोघींची तारीख १९ नोव्हेंबर, हे शाळेतल्या प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेत सांगितले जाते. इंग्लंडचा पहिला चार्ल्सही १६०० साली याच तारखेला जन्मला आणि १६४९ साली पार्लमेंटाने त्याचे मस्तक उडवले, हे मात्र कोणी सांगत नाही. स्पर्धेच्या परीक्षकांना तेवढे ऐकायची सवड नसते.

पण खानदेशाने या बाबतीत कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे १९ डिसेंबर १९३४ रोजी जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात टेबल टेनिस खेळलेल्या आणि जळगावच्याच कोर्टात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली भारताच्या राष्ट्रपती झाल्या, आणि राष्ट्रपती म्हणजे घटनेप्रमाणे तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती. आता १९ डिसेंबर या तारखेचे दुसरे मातब्बर वतनदार कोण, तर सोव्हिएत रशियाचे सर्वेसर्वा मार्शल लिओनिद ब्रेझनेव्ह, जन्म १९०६. (रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ही तारीख ६ डिसेंबर पडते; पण क्रांतीनंतर तेथे जमिनींबरोबर तारखाही सरकारजमा झाल्या.) तिसरा हिस्सेदार स्पेनचा राजा पाचवा फिलिप, जन्म १६८३. खिन्नतेचा विकार जडलेल्या या राजाला फारिनेल्ली नावाचा गवई रोज रात्री तीच ती गाणी म्हणून दाखवी. त्याला येथेच सोडू. कारण खरी मौज पहिल्या दोघांत आहे.

१९ डिसेंबर १९६१ हा दिवस घ्या. त्या दिवशी गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याने शरणागती पत्करली आणि ४५१ वर्षांची फिरंगी सत्ता आटोपली. योगायोग असा की तेव्हा ब्रेझनेव्ह सोव्हिएत संघाचे राष्ट्रप्रमुख या नात्याने भारताच्याच दौऱ्यावर होते, जागोजागी भाषणे करून भारताच्या कारवाईची वाखाणणी करीत होते, आणि ऐन त्या दिवशी त्यांना ५५ वर्षे पुरी झाली. इकडे जळगावात त्याच दिवशी एका तरुण वकीलबाईंना २७ वर्षे पुरी झाली, आणि दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या १९६२ च्या निवडणुकीत त्या जळगावातून विधानसभेवर निवडून गेल्या. म्हणजे एकाच दिवशी एका भूभागाचा पुनर्जन्म, एका महासत्तेच्या प्रमुखाचा वाढदिवस आणि एका भावी सर्वोच्च सेनापतीचाही वाढदिवस. पहिल्याला लष्कर लागले, दुसऱ्याला हारतुरे आले असतील. तिसरा घरातल्या गोडधोडावर भागला असावा, असा माझा तर्क आहे. ४६ वर्षांनी राष्ट्रपती भवनात जायचे आहे हे त्या घरातील कोणासही ठाऊक नव्हते, आणि रशियन वकिलातीला तर नव्हतेच नव्हते.

वाढदिवस साजरा करण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे मार्ग भिन्न. ब्रेझनेव्हसाहेबांना पदकांची विलक्षण हौस. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा तेथील सर्वश्रेष्ठ सन्मान त्यांनी चार वेळा पटकावला, १९६६, १९७६, १९७८ आणि १९८१ साली. आणि प्रत्येक वेळी निमित्त शत्रूचा मोड केल्याचे नसून वाढदिवसाचे होते. साठी, सत्तरी, पंच्याहत्तरी हे समजण्यासारखे आहे. बहात्तरीला कोणते विशेष असते हे मॉस्कोच्या दप्तरदारांनाच ठाऊक. ‘विजय’ नावाचे, महायुद्धातील सेनापतींसाठी राखलेले मानचिन्हही त्यांनी १९७८ साली पदरात पाडून घेतले, ते त्यांच्या पश्चात १९८९ साली सरकारने रद्द केले. पुढच्या पदकाला जागा व्हावी म्हणून साहेबांच्या छातीवर रुंदीकरणाची शस्त्रक्रिया होणार आहे, असा विनोद रशियात लोक दारे लावून सांगत. प्रतिभाताईंनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी, पंच्याहत्तरी गाठायला महिनाही उरला नसताना, पुण्याच्या लोहगाव तळावरून हवाई दलाचा पोशाख चढवून सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केले. हे विमान रशियन कुळातले, आणि त्याचा पूर्वज पहिल्यांदा आकाशात गेला तो १९७७ साली, ब्रेझनेव्ह यांच्याच अमदानीत. एकाच तारखेच्या दोन धन्यांपैकी एकाच्या राज्यात विमान झाले आणि दुसरी त्यात बसली. नाडगाव-बोदवडचा माणूस ही हकिकत सांगताना आवाज जरा चढवतो, आणि चढवावा.

येथवर आपण तारखा खऱ्या धरून चाललो. पण थोरांच्या जन्मतारखा म्हणजे ताम्रपट नव्हेत. खानदेश ज्याने जिंकला त्या अकबराचेच घ्या. १६०१ साली असीरगड हाती आल्यावर शाहजादा दानियालच्या नावावरून त्याने आमच्या मुलखाचे नाव ‘दानदेश’ ठेवले, ते लोकांनी चालू दिले नाही हा भाग अलाहिदा. अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ चा असे अबुल फजल सांगतो. ही तारीख ठेवली तर राष्ट्रपती अब्दुल कलाम हे त्याच्या तारखेचे भागीदार ठरतात, म्हणजे प्रतिभाताईंच्या लगतच्या आधीचे सर्वोच्च सेनापतीही या आमच्या दफ्तरात रुजू होतात. परंतु व्हिन्सेंट स्मिथ नावाच्या इंग्रज इतिहासकाराने हुमायूनच्या जौहर नावाच्या सेवकाची आठवण पुढे करून असा वाद मांडला की मूल जन्मले ते २३ नोव्हेंबरला, आणि पुढे करणी-जादूटोण्यापासून बचाव व्हावा म्हणून दरबाराने तारीखही बदलली आणि नावही. स्मिथचे म्हणणे सर्वांना मान्य झाले नाही. तरीही बादशहाच्या जन्मतारखेत लेखणीने हात घालता येतो एवढे त्यावरून ध्यानात यावे. शिवाय मोगल बादशहा सौर आणि चांद्र असे दोन वाढदिवस करीत आणि दोन्ही वेळा तुला करवून घेत. वजनाची काळजी करीत वाढदिवस टाळण्याची चाल त्या काळी नव्हती.

आपल्याकडेही शिवछत्रपतींच्या जन्मदिवसाचा निर्णय सुखासुखी लागला नाही. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही मिती रूढ होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ असे निघाले. त्यावर इतिहासकारांच्या पिढ्या झुंजल्या आणि २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मुक्रर केली. त्यातही ही तारीख जुन्या इंग्रजी गणनेची, पोपसाहेबांच्या सुधारित गणनेने तो दिवस १ मार्चचा. म्हणून महाराष्ट्रात उत्सव तारखेनेही होतो आणि तिथीनेही होतो. महाराजांच्या बाबतीत दोनदा आनंद करायला कोणाची ना नाही, ढोलताशावाल्यांची तर नाहीच नाही.

अशा मित्यांसाठी जीव टाकणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला तो आमच्या धुळ्यातच, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे त्यांची दप्तरे सांभाळून आहे. एक मिती पक्की करण्यासाठी हा पुरुष दहा गावे पालथी घाली, कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे बस्ते उतरवी, न दाखवणाऱ्यांना शिव्या घाली. आणि त्याच मुलखात, पांझरेच्या आणि गिरणेच्या काठाकाठाने, प्राथमिक शाळेचे गुरुजी एका बैठकीत चाळीस मित्या पक्क्या करीत होते, एकही बस्ता न उतरवता.

हे गुरुजी म्हणजे आमच्या विषयाचे खरे नायक. जूनची सुरुवात, शाळेच्या पत्र्यावर ऊन तापलेले, पाऊस आभाळात नाही आणि गुरुजींच्या टेबलावर जनरल रजिस्टर उघडे. बाप पोराला बखोटीला धरून उभा करतो. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगतात. बोटे कानाला लागली की सहा वर्षे पुरी झाली, हा शरीरशास्त्राचा सिद्धान्त. मग प्रश्न, “जन्म केव्हाचा?” बाप विचार करून सांगतो, “मना आंडोर पोयाना दुसरा दिन व्हयना.” पोळा खरा, पण कोणत्या सालचा? बाप सांगतो, ज्या साली पूर आला त्याच्या पुढच्या साली. कोणता पूर, गिरणेचा की पांझरेचा, यावर बाप आणि बरोबर आलेले काका यांच्यात मतभेद होतो. मागे रांगेत अठरा पोरे कान धरून तिष्ठत आहेत. अखेर बाप हात जोडून म्हणतो, “तुमले जे बरं वाटी ते लिखी ल्या, गुरुजी.” गुरुजी चालू सालातून सहा वजा करतात, टाक दौतीत बुडवतात आणि वळणदार अक्षरात लिहितात, १ जून. रांगेतल्या पुढच्यालाही १ जून. त्याच्या पुढच्यालाही.

पोप ग्रेगरीने १५८२ साली दिनगणनेतले दहा दिवस गाळले तर युरोपात केवढा गहजब झाला. आमच्या गुरुजींनी ३६४ दिवस गाळले आणि गावात पानही हलले नाही. ‘दिनविशेष’वाल्यांना दोन राज्यकर्ते एका तारखेचे सापडले की धन्य वाटते, येथे सरपंच १ जूनचे, उपसरपंच १ जूनचे, पोलीस पाटील १ जूनचे, सोसायटीचे चेअरमन १ जूनचे, आणि पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले सुभेदारआबा, ज्यांच्या मिशीला अद्याप गाव वचकून असते, तेही १ जूनचे. सख्खे भाऊ तर कित्येक घरांत एकाच सालच्या १ जूनला जन्मल्याची नोंद आहे आणि ते जुळे नाहीत. अशा घरात वडीलकी कोणाची हा प्रश्न कागदपत्रांनी सुटत नाही. जो आधी रागावतो तो थोरला मानतात.

या तारखेला परदेशातही वजनदार सोबती आहेत. ग्रीसचा राजा ओटो १ जून १८१५ चा. सतराव्या वर्षी त्याला गादी मिळाली, परंतु वीस वर्षे पुरी होईपर्यंत कारभार कारभाऱ्यांच्या मंडळाकडे होता. १ जून १८३५ ला तो जाणता झाला आणि पुढे १८६२ साली प्रजेने त्याला घरी पाठवला. युद्धशास्त्रावरचा जगन्मान्य ग्रंथ लिहिणारा प्रशियाचा जनरल क्लाउझेविट्झ याची जन्मतारीख तर काही पुस्तकांत १ जून १७८० आणि काहींत १ जुलै १७८० अशी छापलेली आढळते. जर्मन पंडित यावर काय म्हणतात ते म्हणोत. धरणगावच्या किंवा साक्रीच्या कोणत्याही सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला विचारले तर तो हा वाद चहा निवायच्या आत मिटवील. तीच गोष्ट नंदुरबारची. धुळ्यातून हा जिल्हा वेगळा काढला तो १९९८ सालच्या १ जुलैला. मंत्रालयाऐवजी हे काम गुरुजींकडे असते तर जिल्ह्याला एक महिन्याची ज्येष्ठता फुकट मिळाली असती.

गुरुजींच्या लेखणीचा परिणाम ५८ वर्षांनी दिसतो. सरकारी नोकर ज्या महिन्यात ५८ वर्षांचा होतो त्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. मात्र ज्याचा जन्म पहिल्या तारखेचा त्याला आदल्या महिन्याच्या अखेरीस जावे लागते, असा नियम आहे. म्हणजे १ जूनची सगळी सेना ३१ मेला एकदम शस्त्रे खाली ठेवते. त्या दिवशी जळगावला, धुळ्याला, तालुक्या-तालुक्याच्या पंचायत समित्यांत निरोपाचे समारंभ एकाच वेळी चालतात, शाली-श्रीफळांचा तुटवडा पडतो, आणि ‘आपण आमच्यातून जात असलात तरी’ या शब्दांनी सुरू होणारे भाषण एकाच वक्त्याला चार दिवाणखान्यांत करावे लागते. बाहेर ४४ अंशांचे ऊन, आत पंख्याखाली सात सत्कारमूर्ती ओळीने बसलेले, आणि सातांपैकी पाच जणांचा खरा जन्म पोळ्याचा, दिवाळीचा किंवा कानबाईच्या रोटांचा. दोघांना तर अजून नोकरीची वर्षे होती. पण दाखल्यापुढे आईची साक्ष चालत नाही.

आईच काय, सरसेनापतीचीही चालत नाही. प्रतिभाताई सर्वोच्च सेनापती असतानाच लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मसालाचा वाद उभा राहिला. लष्करी मुख्यालयाच्या एका शाखेच्या दप्तरात १० मे १९५० आणि दुसऱ्या शाखेच्या दप्तरात १० मे १९५१. शाळेचा दाखला एकावन्नच्या बाजूने, प्रवेशाचा अर्ज पन्नासच्या बाजूने. जनरलसाहेब सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाचा रोख पाहून फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला, आणि पन्नास साल कायम राहून ते निवृत्त झाले. कोणत्या तारखेला? ३१ मे २०१२ ला. आमच्याकडच्या पाच-पन्नास शिक्षकांनी, तलाठ्यांनी आणि ग्रामसेवकांनी ही बातमी आपापल्या निरोपाच्या हारासह वाचली आणि दहा-अकरा लाख फौजेचा धनीही अखेर आपल्याच तुकडीत आला म्हणून समाधान मानले.

नव्या पिढीने या सगळ्यावर तोड काढली आहे. तिचे दोन वाढदिवस असतात, मोगलांचे असत तसे. एक कागदावरचा आणि एक फलकावरचा. चौकातल्या फलकावर ‘युवा नेते’, ‘कार्यसम्राट’, ‘भावी नगरसेवक’ अशी बिरुदे मिरवणारा तरुण हात जोडून उभा असतो, वर वडीलधाऱ्या नेत्यांची गोल चित्रे, खाली शुभेच्छुकांची जंत्री, जिच्यात धुळ्याच्या अमुक नंबर गल्लीचा संपूर्ण मित्रपरिवार मावलेला असतो. ही तारीख शक्यतो एखाद्या राजाच्या, सेनापतीच्या किंवा निदान मंत्र्याच्या तारखेला भिडवून घेतात, म्हणजे फलकाला शोभा येते. रात्री बाराच्या ठोक्याला मोटारीच्या टपावर केक ठेवतात आणि तो तलवारीने कापतात. तलवार घेतलेल्या हाताने आयुष्यात कधी विळाही धरलेला नसतो, त्यामुळे केकचा निम्मा भाग मोटारीवर आणि उरलेला शुभेच्छुकांच्या तोंडावर जातो. चित्रफीत सर्वत्र फिरते, सकाळी पोलीस येतात आणि हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल करतात.

ठाण्यात जबाब लिहून घेताना हवालदार वयाचा पुरावा मागतो आणि युवा नेत्याचे वडील पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून देतात. त्यावर १ जून. हवालदार दाखल्याकडे पाहतो, चित्रफितीतल्या नोव्हेंबरच्या तारखेकडे पाहतो, आणि पंचनाम्यात ‘वाढदिवसानिमित्त’ हा शब्द लिहावा की नाही अशा पेचात पडतो. कारण त्याची स्वतःची जन्मतारीखही १ जूनच असते आणि सरकारी कागदावर त्याखेरीज दुसऱ्या दिवशी कोणी जन्मलेले त्याने फारसे पाहिलेले नसते. एखाद्या चलाख वकिलाने उद्या उभे राहून, माझ्या अशिलाचा सरकारी नोंदीप्रमाणे त्या दिवशी वाढदिवसच नव्हता, सबब टपावर होता तो केक वाढदिवसाचा म्हणता येत नाही, असा युक्तिवाद केला तर कोर्टाला गुरुजींचे रजिस्टर मागवावे लागेल.